पिकअपचे ब्रेक पुन्हा पुन्हा वाजतात? नवे पॅड घेण्याआधी पिना बघा

पाना हातात घेण्याआधी दोन दिवस नुसता कान द्या. ब्रेकचा आवाज एकच वाटला तरी त्यामागची दुखणी चार-पाच असतात आणि प्रत्येकाचा इलाज निराळा असतो.

सकाळी गाडी काढल्यावर पहिल्या दोन-चार ब्रेकला खरखर येते आणि मग सगळं शांत होतं, तर तो रात्रीच्या दमट हवेने डिस्कवर, म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या लोखंडी थाळीवर, चढलेला गंजाचा पातळ थर. डिस्कला दोन्ही बाजूंनी दाबून गाडी थांबवणारे पॅड तो स्वतःच पुसून काढतात. जून ते सप्टेंबर हे रोजचंच आहे, त्यावर पैसे घालवू नका.

ब्रेक दाबला की बारीक, उंच पट्टीतली चीं, सोडला की बंद, आणि सिग्नलपाशी गाडी हळू होताना सगळ्यात जास्त: हा पॅड आणि डिस्क यांच्यामधल्या थरथरीचा आवाज. धूळ, तापून चकचकीत झालेला पॅड, सुकलेलं ग्रीस ही त्याची नेहमीची कारणं. काही पॅडना पत्र्याची एक छोटी जीभ असते. पॅड संपत आला की ती डिस्कला घासते आणि चाक फिरेल तशी शीळ घालते. ती मुद्दाम दिलेली सूचना आहे, तिच्याकडे दुर्लक्ष करू नका.

ब्रेकला पाय न लावताही चाकाच्या फेऱ्याबरोबर ताल धरून आवाज येत असेल, तर एक तर खडा अडकलाय किंवा ब्रेक सुटत नाहीये. मागच्या बाजूने जाडसर कुईं येत असेल, विशेषतः रिव्हर्समध्ये किंवा भरलेल्या गाडीला, तर तो ड्रमचा, म्हणजे मागच्या चाकातल्या गोल डब्यासारख्या ब्रेकचा.

आणि लोखंडावर लोखंड घासल्याची खर्रर्र ऐकू आली, तर हा लेख बाजूला ठेवा. गाडी उभी करा. त्याबद्दल शेवटी लिहिलंय.

आवाज परत का येतो

गोव्यात डिचोली-सत्तरी भागात आणि पेडण्याकडे मी या एकाच तक्रारीच्या बऱ्याच गाड्या खोलल्या आहेत. बहुतेकांची कथा सारखी असते: आवाज आला, गॅरेजमध्ये नवे पॅड टाकले, दोन महिने बरं गेलं, पुन्हा आवाज. मग दोष पॅडच्या कंपनीला. खोलून बघावं तर पॅड चांगलेच असतात, अडकलेल्या असतात त्या कॅलिपरच्या, म्हणजे पॅड धरून डिस्कवर दाबणाऱ्या पकडीच्या, पिना.

आपल्याकडच्या पिकअपना साधारणपणे पुढे डिस्क आणि मागे ड्रम असतात. पुढचा कॅलिपर दोन पिनांवर आडवा सरकतो. ब्रेक दाबल्यावर पिस्टन आतला पॅड ढकलतो, आणि त्याच जोराने कॅलिपर सरकून बाहेरचा पॅड ओढून आणतो. सोडल्यावर दोन्ही पॅड केसभर मागे हटले पाहिजेत. पिन गंजली की कॅलिपर सरकत नाही, पॅड तिरका बसतो, थोडासा घासत राहतो, तापतो, त्याचा पृष्ठभाग काचेसारखा गुळगुळीत होतो आणि मग तो वाजतो. नवा पॅड त्याच अडकलेल्या पिनेवर बसवला तर तोही त्याच वाटेने जाणार.

आणि पिना अडकायला गोव्यासारखी जागा नाही. किनाऱ्याची खारी हवा, चार महिन्यांचा पाऊस, खाणपट्ट्यातली तांबडी धूळ. मासळीच्या गाड्यांचं तर आणखी वाईट. मालिम जेटीवरून बर्फात भरलेली मासळी निघाली की खारं पाणी हौद्याच्या फटींतून थेट मागच्या चाकांवर आणि हँडब्रेकच्या केबलवर गळत राहतं. अशा गाडीचा मागचा ड्रम एकदा उघडून बघावा, आत लाल गंजाच्या पापुद्र्यांचा थर सापडतो.

चाक न काढता, फुकटात होणाऱ्या तपासण्या

बॉनेट उघडा आणि ब्रेक ऑइलची डबी बघा. पातळी वरच्या आणि खालच्या रेषेच्या मध्ये हवी. पॅड झिजतील तसे पिस्टन बाहेर येतात आणि पातळी हळूहळू उतरते. म्हणजे उतरलेली पातळी एक तर झिजलेले पॅड सांगते, नाहीतर गळती. न बघता वरून ऑइल ओतू नका, ही खूण पुसली जाते. पातळी थोड्या दिवसांत झपाट्याने उतरली असेल तर ती गळतीच समजा आणि पुढचं सगळं सोडून मेकॅनिकला बोलवा.

मग टॉर्च घेऊन पुढच्या चाकाच्या छिद्रांतून पॅडची जाडी बघा. नवा पॅड पत्रा सोडून साधारण १० ते १२ मिमी असतो. ३ मिमीवर आला की बदलायचा. बाहेरचा पॅड दिसतो, आतला सहज दिसत नाही, आणि झिजतो बहुधा तोच आधी. म्हणून बाहेरचा भरपूर दिसला म्हणून निश्चिंत होऊ नका. या तपासणीतून कळतं ते एवढंच, की आज चाक काढावंच लागेल की थोडा वेळ आहे.

आता खडा. जांभ्याच्या कच्च्या रस्त्यावरून, बागायतीतून, बांधकामाच्या जागेवरून आलेल्या गाडीत हे इतकं होतं की मी आधी इथेच बघतो. डिस्कच्या मागे चिखल अडवणारा पत्रा असतो. त्याच्या आणि डिस्कच्या मध्ये वाटाण्याएवढा खडा शिरतो आणि चाकाबरोबर असा किंचाळतो की ब्रेक गेले असं वाटावं. मोकळ्या सपाट जागी गाडी हळूहळू मागे-पुढे घ्या, पुष्कळदा तो रिव्हर्समध्ये गळून पडतो. नाही पडला तर पत्र्याची कड बोटाने किंचित मागे वाकवा, डिस्क गार असतानाच. निघालेला खडा हातात घेऊन बघा: एक बाजू खडबडीत तांबडी आणि डिस्ककडची बाजू आरशासारखी घासलेली. तो पत्रा आत वाकून स्वतःच घासत असेल तरी आवाज असाच येतो, त्यालाही हातानेच सरळ करता येतं.

यानंतर पाणी. चाकाच्या छिद्रांतून साध्या पाइपने भरपूर पाणी मारा आणि चिखल, वाळू, धूळ वाहून जाऊ द्या. डिस्क गार हवी. घाट उतरून आलेल्या तापलेल्या ब्रेकवर गार पाणी मारायची सवय अनेकांना आहे. त्याने डिस्क वाकते, ड्रमला तडा जाऊ शकतो. चोर्ला घाट उतरलात की केरीला चहा घ्या, ब्रेक आपोआप गार होतील.

शेवटची फुकटची तपासणी मला सगळ्यात मोलाची वाटते. मोकळ्या रस्त्यावर पाच-सात किलोमीटर चालवा, शक्यतो ब्रेक कमी वापरून, आणि थांबल्यावर चारही चाकांच्या मधोमध तळहात जवळ न्या. हात लावायचा नाही, भाजेल. पुढच्या दोन चाकांपैकी एकाची धग दुसऱ्यापेक्षा स्पष्ट जास्त लागली, तर त्या बाजूचा ब्रेक सुटत नाहीये. मागचं एकच चाक तापलं असेल तर हँडब्रेकची केबल किंवा ड्रमला आतून दाबणारा शू अडकलाय. दोन्ही बाजू सारख्या गार आणि तरी आवाज, तर धूळ किंवा गुळगुळीत पॅड. पुढचं काम कुठल्या चाकापासून सुरू करायचं ते इथेच ठरतं.

चाक काढायचं असेल तर

पिकअप जड गाडी आहे, म्हणून एक गोष्ट आधी सांगतो. हौदा रिकामा करा. फरशीवर किंवा कडक सपाट जागी उभी करा. पावसाळ्यात अंगणातली माती भुसभुशीत असते, जॅक एका बाजूने खचतो. मातीवर काम करावंच लागलं तर जॅकखाली जाड, रुंद फळी हवी. उचलायचं नाही त्या बाजूच्या चाकांना पुढून-मागून जांभ्याचे चिरे लावा, त्या कामाला चिरा उत्तम. पण उचललेल्या गाडीला आधार म्हणून चिरा किंवा सिमेंटचा ब्लॉक कधीही देऊ नका. जांभा दाबाखाली पूर्वसूचना न देता फुटतो. आधाराला लोखंडी स्टँडच हवा आणि तो चेसिसखाली. नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली डोकंच काय, हातही घालू नये.

चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच थोडे ढिले करा. एका वेळी एकच बाजू उघडा, दुसरी बाजू तशीच ठेवली तर जोडताना बघायला नमुना राहतो.

चाक निघाल्यावर आधी डिस्क हाताने फिरवा. थोडा घासल्याचा आवाज चालतो, पण फिरवायला जोर लागत असेल तर निदान झालंच. खालच्या पिनेचा बोल्ट काढून कॅलिपर वर उचला. पूर्ण काढावा लागला तर तारेने चेसिसला बांधून ठेवा, रबरी नळीवर लोंबकळत ठेवू नका. नळी आतून फाटली तर बाहेरून दिसत नाही. आणि कॅलिपर उघडा असताना कुणीही ब्रेक पेडल दाबू नये. मुलं केबिनमध्ये बसली असतील तर आधी त्यांना खाली उतरवा.

आता दोन्ही पॅड काढून शेजारी शेजारी ठेवा. आतला ३ मिमी आणि बाहेरचा ८ मिमी, किंवा एकच पॅड एका टोकाला पातळ आणि दुसऱ्या टोकाला जाड, असं दिसलं तर पिना अडकल्या आहेत यात शंका ठेवू नका. पिना ओढून बघा. चांगली पिन दोन बोटांनी सुळकन बाहेर येते आणि आत ढकलली की हवेच्या दाबाने किंचित परतते. अडकलेली पिन पिळत पिळत काढावी लागते, तिच्यावर करडं-तपकिरी सुकलेलं ग्रीस आणि गंजाचे ठिपके असतात. रबरी टोपी फाटलेली असेल तर पाणी तिथूनच शिरलंय.

पिन फडक्याने पुसा, ठिपके बारीक पॉलिश पेपरने काढा, भोक ब्रेक क्लीनर आणि बारीक ब्रशने साफ करा. खोल खड्डे पडले असतील तर पिना आणि रबर यांचा संच नवा घ्या, तो पॅडपेक्षा पुष्कळ स्वस्त मिळतो. लावताना ब्रेकसाठी बनवलेलं सिलिकॉन ग्रीसच वापरा, तेही पातळ थर. बेअरिंगचं नेहमीचं ग्रीस खनिज तेलाचं असतं. त्याने रबर फुगतं आणि पिन आधीपेक्षा घट्ट अडकते. 'ग्रीस मारलं होतं, तरी अडकली' असं ज्यांच्याकडून ऐकतो, त्यांच्याकडे बहुतेक वेळा हेच ग्रीस निघतं. आणखी एक: कित्येक कॅलिपरमध्ये दोन पिना सारख्या नसतात, एकीच्या टोकाला रबरी बूश असतो. जी जिथली तिथेच घाला.

पॅड जाड आहे पण पृष्ठभाग चकचकीत झालाय, तर सपाट फरशीवर ८० किंवा १२० नंबरचा पॉलिश पेपर पसरा आणि त्यावर पॅड गोल गोल घासा. चमक गेली, रंग मंद झाला की पुरे. हे मास्क लावून आणि पाण्याचा हात फिरवून करा. पॅडची भुकटी श्वासात जाता कामा नये, जुन्या आणि स्वस्त मालात अॅस्बेस्टॉस असू शकतं. त्याच कारणाने ब्रेकमधली धूळ तोंडाने फुंकू नका, हवाही मारू नका. पॅडच्या मागचा पातळ पत्रा आणि कडेच्या स्प्रिंगच्या पट्ट्या जागच्या जागी आहेत ना बघा. थरथर शोषून घेणं हेच त्यांचं काम, आणि घाईच्या कामात नेमक्या त्याच फेकल्या जातात. पॅडचे कान जिथे सरकतात ती जागा तारेच्या ब्रशने साफ करा. तिथे आणि पॅडच्या पाठीवर उष्णता सोसणारी ब्रेक पेस्ट अगदी नखभर लावा. पॅडच्या तोंडाला किंवा डिस्कला काहीही लागता कामा नये.

आवाज बंद करायला डिस्कवर तेल, डिझेल, रॉकेल किंवा गंज सोडवायचा स्प्रे मारणारे लोक मी पाहिलेत. आवाज लगेच बंद होतो, कारण ब्रेकच लागत नाही. असा पॅड घासून सुधारत नाही, तेल आत मुरतं. तो फेकायचाच.

डिस्कवर बोट फिरवा. बारीक रेषा चालतात. नख अडकेल अशी खोल चर, कडेला उंच धार किंवा निळसर डाग दिसला तर ते लेथवाल्याचं काम. तडा दिसला तर डिस्क बदलायचीच. किमान जाडीचा आकडा डिस्कवरच कोरलेला असतो, त्याखाली गेलेली डिस्क टर्निंग करून, म्हणजे लेथवर घासून, वापरायची नसते.

नवे पॅड घालायचे असतील तर पिस्टन मागे ढकलावा लागतो. जुना पॅड मध्ये ठेवून शिकंज्याने सावकाश दाबा आणि डबीकडे लक्ष ठेवा, ऑइल वर येऊन सांडतं आणि रंग उडवतं. सांडलं तर लगेच पाण्याने धुवा. पिस्टन हलतच नसेल तर थांबा. पॅड नेहमी दोन्ही बाजूंचे एकत्र बदला, नाहीतर गाडी एका अंगाला ओढते. चाक लावून झाल्यावर, गाडी जागची हलवण्याआधी, पेडल कडक होईपर्यंत दाबत राहा. ढकललेला पिस्टन पॅडपाशी परत येईपर्यंत पहिल्या एक-दोन दाबांना ब्रेक लागत नाही, आणि अंगणाच्या उतारावर ते महागात पडू शकतं.

मागचे ड्रम

इथे मी हात थोडा आखडता घ्यायला सांगेन. ड्रम काढणं, धुणं, तपासणं घरी जमतं. आतल्या स्प्रिंगा आणि शू उतरवणं सवयीशिवाय करू नये. स्प्रिंग निसटली तर डोळ्यावर येते.

पुढच्या चाकांना चिरे लावून हँडब्रेक सोडा. गंजलेला ड्रम हबला चिकटून बसतो. बऱ्याच ड्रमना आटे पाडलेली दोन भोकं असतात, त्यांत योग्य मापाचे बोल्ट आळीपाळीने थोडे थोडे आवळले की ड्रम सुटतो. नसतील तर लाकडी मोगरी सगळीकडून ठोका, लोखंडी हातोडा नको. आतली धूळ साबणाच्या पाण्याने किंवा ब्रेक क्लीनरने ओली करून काढा. मासळीच्या गाडीला हे पावसाळ्यापुरतं नाही, बारमाही लागतं. शिवाय रोज रात्री हौद्याखाली गोडं पाणी मारलं तर ड्रमचं आयुष्य खूप वाढतं.

मागे शू जिथे टेकून सरकतो त्या ताटावर काही उंचवटे असतात. तिथलं ग्रीस सुकलं की शू अडकत सरकतो आणि ती जाड कुईं येते. शू उतरवता येत असेल तर तिथे उष्णता सोसणारं ग्रीस नखभर लावा. शूवरचा लायनर आणि ड्रम कोरडे हवेत. शूंना बाहेर ढकलणाऱ्या व्हील सिलिंडरच्या रबरी टोपीची कड उचलून बघा, आत ओल दिसली तर तो गळतोय आणि तुमचं काम तिथेच संपलं.

जोडल्यावर

रिकाम्या सरळ रस्त्यावर ताशी ५० वरून १० पर्यंत मध्यम दाबाने ब्रेक मारा, पूर्ण न थांबता. असं आठ-दहा वेळा, मध्ये थोडं चालवून गार होऊ देत. घासलेला किंवा नवा पॅड डिस्कशी अशानेच जुळतो. हे न करता थेट माल भरून घाटात गेलात तर पॅड पहिल्याच उतारावर पुन्हा काच होतो. बेळगावहून भाजी घेऊन चोर्ल्याने किंवा रामनगरकडून अनमोडने येणाऱ्यांनी चढताना लागतो तोच गिअर उतरताना ठेवावा. आवाजाच्या अर्ध्या तक्रारी ब्रेकवर पाय ठेवून घाट उतरण्यातून जन्मतात.

ब्रेक ऑइल हवेतला ओलावा ओढतं, आणि आपल्या हवेत ओलावा काही कमी नाही. डॉट ३ प्रकारच्या ऑइलचा उत्कलनबिंदू नवं असताना किमान २०५ अंश सेल्सिअस, पाणी मुरल्यावर १४०. डॉट ४ चा २३० आणि १५५. घासत राहिलेला ब्रेक आणि जुनं ऑइल एकत्र आलं की उतारावर ऑइल उकळतं आणि पेडल एकदम पोकळ होतं. त्यामुळे दर दोन वर्षांनी ते बदलून घ्या, डबीच्या झाकणावर लिहिलेलाच प्रकार घालून.

इथे थांबा, मेकॅनिकला बोलवा

लोखंडाची खर्रर्र येत असेल, पेडल मऊ लागत असेल किंवा खाली जात असेल, ब्रेक मारल्यावर गाडी एका बाजूला ओढत असेल, डॅशबोर्डवरचा ब्रेकचा लाल दिवा हँडब्रेक सोडूनही जळत असेल, चाकाच्या आतल्या बाजूला ओल असेल, पिस्टन हलत नसेल, डिस्कला किंवा ड्रमला तडा दिसत असेल: यांपैकी एकही गोष्ट असली तर घरी काम करायचं नाही आणि गाडी चालवत गॅरेजलाही न्यायची नाही. मेकॅनिकला घरी बोलवा किंवा गाडी ओढून न्या. एबीएस (चाक अडकू न देणारी ब्रेकची यंत्रणा) असलेल्या गाडीच्या ब्रेकच्या नळ्यांतली हवा काढणं आणि मागच्या अॅक्सलवर वजनानुसार दाब ठरवणारा व्हॉल्व्ह असेल तर त्याचं सेटिंग, हीदेखील त्यांचीच कामं. पिना साफ केल्या, पॅड घासले, डिस्क सपाट आहे आणि तरी आठवड्याभरात तेच चाक पुन्हा तापतंय, तर आतून बंद झालेली रबरी नळी किंवा कॅलिपरचं सील यांच्यावर संशय घ्या. तेही घरचं काम नाही.

मेकॅनिककडे जाताना 'ब्रेक वाजतात' एवढंच सांगू नका. कुठलं चाक, ब्रेक दाबल्यावर की न दाबता, गाडी भरलेली की रिकामी, कुठलं चाक जास्त तापतं, हे सांगा. काम झाल्यावर चाक बसवण्याआधी तुमच्यासमोर दोन्ही पिना हाताने सरकवून दाखवायला सांगा, आणि काढलेले जुने पॅड मागून घ्या. ते तिरके झिजलेले निघाले आणि बिलात पिनांचं काम नसेल, तर चाक तिथेच पुन्हा काढायला लावा.